चाकांवरील घराची ऊब

ज्या शहरांत पौष महिन्यांतहि एका जाड चादरीवर रात्र निभावते, तेथील श्रोत्यांपुढें बर्फांत उभ्या असलेल्या मोटारगाडींत ऊब कशी राखतात या विषयावर बोलावयाचें, म्हणजे वाळवंटांतल्या माणसाला होडी वल्हविण्याचे धडे देण्यासारखें आहे, असें कोणी म्हणेल. आक्षेप खोटा नाहीं. पण ज्यांनीं लहानपणीं न्हाणीघरांत तांब्याचा बंब पेटलेला पाहिला आहे, आणि दार लावून घेतलेल्या खोलींत कोळशाची शेगडी ठेवूं नये असें ज्यांना घरांतील वडील माणसांनीं बजावलें आहे, त्यांना या विषयाचें अर्धें मर्म आधींच ठाऊक आहे. उरलेलें अर्धें सांगण्यासाठीं मी आज आपला थोडा वेळ मागणार आहें.

ज्या गाडीविषयीं मी बोलणार आहें तिला ‘कँपर व्हॅन’ असें म्हणतात. आपण तिला फिरतें घर म्हणूं. मोटारीच्या पत्र्याच्या पेटींत बिछाना, कपाट, लहानशी चूल आणि पाण्याची टांकी बसविली कीं हें घर तयार होतें. अशा गाड्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे जर्मनींतील फोक्सवॅगन कारखान्याची, गोल चेहऱ्याची गाडी. तिची पहिली पिढी १९५० सालीं निघाली. दुसरी जर्मनींत १९७९ पर्यंत बनत होती. त्यांतील पुष्कळ गाड्या युरोपांतील हौशी लोकांनीं अद्यापि चालत्या ठेवल्या आहेत. उन्हाळ्यांत या गाडीसारखें सुख नाहीं, असें तिचे मालक सांगतात. डिसेंबरांत मात्र तेच मालक एकमेकांस एकच प्रश्न विचारतात: रात्रीं आंत ऊब कशी राखावी? या प्रश्नाचें उत्तर मला इतिहासांत अधिक स्पष्ट दिसतें. चाकांवरील घर उबदार करण्याची खटपट मोटारीहून बरीच जुनी आहे, आणि त्या खटपटींत माणसांनीं जीव गमावून शिकलेले धडे आजच्या गाडीलाहि लागू पडतात.

प्रथम घोडागाडीपासून आरंभ करूं. इंग्लंडमधील रोमानी लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लांकडी घरगाड्यांतून राहूं लागले. त्यापूर्वीं त्यांचा मुक्काम तंबूंत असे. या घरगाडीला ‘वार्डो’ म्हणत. तिच्यावरील कोरीव काम आणि सोनेरी रंग यांचीं चित्रें आपण पाहिलीं असतील. पण त्या रंगरंगोटीहून मला तिच्यांतील शेगडीची जागा अधिक बोलकी वाटते. आंत शिरतांच डाव्या हातास बिडाची एक लहान शेगडी असे, आणि तिचें धुराडें छपरांतून वर निघे. डावाच हात कां? गाडीचें दार सामान्यतः पुढच्या बाजूस, घोड्याच्या मागें, असे. तेव्हां आंत शिरणाऱ्याचा डावा हात म्हणजे गाडीची उजवी बाजू. इंग्लंडांत वाहनें रस्त्याच्या डाव्या अंगानें जातात. म्हणजे ही उजवी बाजू रस्त्याच्या मध्याकडे येते. कडेच्या झाडांच्या लोंबत्या फांद्यांनीं धुराडें मोडूं नये म्हणून ही योजना. घराची सारी मांडणी त्या एका नळीच्या सोयीनें ठरे. धुराडें गेलें तर घर राहण्याजोगें उरत नाहीं, हें त्या लोकांना कोणी शास्त्रज्ञानें शिकविलें नव्हतें.

धुराड्यानें आणखी एक काम होई. शेगडींतील विस्तव आपल्यासाठीं हवा ओढतो आणि ती धुराबरोबर वर सोडतो. तिच्या जागीं दाराच्या फटींतून ताजी हवा आंत येते. कांहीं वार्डोंच्या छपराचा मधला भाग उंच करून त्याला दोन्ही बाजूंस झरोके ठेवीत. त्यांतून उजेडहि येई आणि कोंदट हवा बाहेरहि जाई. भिंती लांकडाच्या असल्यामुळें उष्णता सहसा बाहेर झिरपत नसे. ऊब, श्वास आणि कोरडेपणा या तीन गोष्टी त्या गाडींत एकमेकींना धरून होत्या. पुढें यंत्रयुगांत त्या एकमेकींपासून सुटल्या, आणि त्यांची पुन्हां गांठ घालण्यास माणसाला पुष्कळ वर्षें लागलीं.

घोड्याच्या चालीनें जाणाऱ्या घरांत शेगडी चालून गेली. आगगाडीच्या वेगांत ती जीवघेणी ठरली. अमेरिकेंतील आगगाड्यांच्या डब्यांत त्या काळीं लांकडाच्या किंवा कोळशाच्या शेगड्या ठेवीत. १८ डिसेंबर १८६७ रोजीं न्यूयॉर्क राज्यांतील अँगोला या गांवाजवळ एका गाडीचा शेवटचा डबा रुळांवरून घसरून पुलावरून खालीं कोसळला. शेगड्या उलटल्या, निखारे विखुरले, आणि लांकडी डबा हां हां म्हणतां पेटला. सुमारें पन्नास माणसें मेलीं. त्यांतील बहुतेकांचा प्राण पडल्यामुळें गेला नाहीं. ज्या आगीपाशीं तीं शेकत बसलीं होतीं तिनेंच त्यांना गांठलें.

इंग्लंडांत दुसरी रीत होती. तेथें प्रवाशांच्या पायांखालीं ऊन पाण्यानें भरलेले पत्र्याचे चपटे डबे देत. पाणी कांहीं वेळानें निवे, आणि पुढल्या स्टेशनांत नवा डबा घ्यावा लागे. १८८० च्या सुमारास लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे मुख्य यंत्रज्ञ वेब यांनीं पाण्याऐवजीं सोडियम ॲसिटेट नांवाचा क्षार वापरावयास आरंभ केला. हा क्षार तापविला कीं वितळतो, आणि पुन्हां घट्ट होतांना पोटांत साठविलेली उष्णता सावकाश परत देतो. डबा निवूं लागला कीं तो हलवावा; क्षाराचे खडे बनूं लागत आणि पाय पुन्हां शेकत. शतक संपतां संपतां इंजिनांतील वाफच नळांनीं डब्याडब्यांतून खेळविण्याची पद्धत आली, आणि हा खटाटोप संपला. या साऱ्या अनुभवांतून एक नियम निघाला. आग बाहेर ठेवावी, आणि तिची ऊब तेवढी आंत आणावी. आजच्या फिरत्या घराची सारी गोष्ट या एका नियमाची आहे.

आतां आपण मोटारीकडे वळूं. दुसरें महायुद्ध संपल्यावर वोल्फ्सबुर्ग येथील फोक्सवॅगनचा कारखाना कांहीं काळ ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखालीं होता. तेथें सुटे भाग इकडून तिकडे नेण्यासाठीं लहान मोटारीच्या सांगाड्यावर एक सपाट ठेला तयार केलेला होता. इंजिन मागें, आणि हांकणाराहि मागेंच बसे. बेन पॉन या डच व्यापाऱ्यानें तो ठेला पाहिला, आणि २३ एप्रिल १९४७ रोजीं आपल्या टिपणवहींत पेटीसारख्या एका गाडीचें चित्र काढलें. हांकणारा अगदीं पुढें, इंजिन अगदीं मागें, आणि मधली सारी जागा मोकळी. मार्च १९५० पासून ही गाडी कारखान्यांतून बाहेर पडूं लागली. पुढल्याच वर्षीं वेस्टफालिया या कारखान्यानें तींत बसविण्याजोगा बिछाना-कपाटांचा एक संच बनविला. वीडेनब्रुक येथील हा कारखाना १८४४ सालचा. पूर्वीं तो घोडागाड्या बनवीत असे. अशा रीतीनें आठवडाभर माल वाहणारी गाडी सुटीच्या दिवशीं कुटुंबाचें घर होऊं लागली.

या गाडीचें इंजिन हवेनें थंड होणारें होतें, आणि आपल्या गोष्टींतील विसंगति येथेंच आहे. फर्डिनांड पोर्शे यांनीं १९३० नंतरच्या दशकांत फोक्सवॅगनची लहान मोटार आंखली, तेव्हां बहुतेक गिऱ्हाइकांपाशीं गाडी ठेवण्यास बंदिस्त जागा नसणार हें गृहीत होतें. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडींतील पाणी जर्मन हिंवाळ्यांत गोठतें, आणि गोठतांना फुगून इंजिन फोडतें. म्हणून पाणीच नको; पंख्यानें हवा मारून इंजिन निववावें, असें ठरलें. इंजिन थंडीपासून वाचलें. पण ती थंडी आंतल्या माणसांच्या वाट्याला आली. इतर मोटारींत इंजिनाभोंवतीं ऐंशी-नव्वद अंशांचें पाणी फिरतें. त्याचा एक फाटा आंतल्या लहान पेटींतून नेला कीं ऊब मिळते. ज्या इंजिनांत पाणीच नाहीं, त्यांतून ऊब आणावयाची कशी?

पेट्रोल जाळून निघणाऱ्या उष्णतेचा सुमारें चौथा हिस्सा चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. उरलेली बहुतेक उष्णता इंजिनाच्या अंगावरून आणि धुराच्या नळींतून वायां जाते. म्हणजे उष्णतेचा तोटा नव्हता. ती आणावयाची कोणत्या वाटेनें, एवढाच प्रश्न होता. आरंभीं सिलिंडरांवरून वाहून तापलेली हवाच नळीनें आंत सोडीत. तिच्याबरोबर तेलाचा वासहि येई. पुढें १९६३ च्या सुमारास ही रीत बदलली. धुराच्या नळीभोंवतीं पत्र्याचें एक कवच बसविलें, आणि त्या कवचांतून स्वच्छ हवा खेळवून ती आंत नेली.

श्रोतेहो, येथें आपला बंब आठवावा. बंबाच्या मधोमध एक नळकांडें असतें. त्यांत निखारे पेटतात आणि धूर वर जातो. भोंवतीं पाणी असतें. तें तांब्याच्या भिंतीमधून तापतें, पण त्यांत राखेचा एक कणहि मिसळत नाहीं. फोक्सवॅगनच्या या कवचांत पाण्याच्या जागीं हवा घाला आणि निखाऱ्यांच्या जागीं इंजिनाचा धूर घाला, म्हणजे तें यंत्र आपल्याला समजलें. मध्यें आहे ती धातूची एक पातळ भिंत. तिच्या एका अंगास विष आहे आणि दुसऱ्या अंगास माणसाचा श्वास आहे.

हें कवच गाडीच्या पाठीमागें, आणि ऊब हवी ती पुढें, हांकणाऱ्याच्या पायांपाशीं आणि कांचेवर. मधलें अंतर जवळजवळ गाडीच्या लांबीइतकें, म्हणजे तीन मीटरांहून अधिक. नळी गाडीच्या तळाखालून, बाहेरच्या गारठ्यांतून जाई. पुढें पोंचेपर्यंत हवा कोमट होई, आणि कडाक्याच्या थंडींत तीहि नुसती कल्पनेनेंच कोमट मानावी लागे. कांचेवरचें बर्फ बाहेरून खरवडण्याचें साधन सगळेच मोटारवाले बाळगतात. या गाडीचे मालक तें आंतूनहि चालवितात.

पण ही झाली चालत्या गाडीची अडचण. खरा प्रश्न गाडी थांबल्यावर येतो. मोटारीला ऊब हवी असते ती चालतांना. घराला ऊब हवी असते ती थांबल्यावर, रात्रीं, सारीं माणसें निजलेलीं असतांना. इंजिन बंद झालें कीं या गाडीची ऊब बंद. वार्डोच्या शेगडीला घोडा चालतो कीं चरतो याच्याशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. मोटारीनें घराला वेग दिला आणि त्याची चूल इंजिनाला बांधून टाकली.

ही गांठ सोडविण्यासाठीं एक स्वतंत्र लहान भट्टी निघाली. एसलिंगेन येथें १८६५ सालीं स्थापन झालेला एबरस्पेखर यांचा कारखाना आरंभीं कांचेच्या छपरांसाठीं प्रसिद्ध होता; पुढें तो मोटारींच्या भट्ट्यांसाठीं नांवाजला. त्याची पेट्रोलवर जळणारी भट्टी फोक्सवॅगनच्या गाडींत मूळ कारखान्याकडूनच बसवून मिळूं शके. ती इंजिनावर अवलंबून नसते. गाडीच्याच टांकींतून थोडें थोडें पेट्रोल घेते, आपल्या बंदिस्त पोटांत जाळते, धूर आपल्या वेगळ्या नळीनें बाहेर टाकते, आणि विजेच्या पंख्यानें तापलेली हवा तेवढी आंत सोडते. पुन्हां तोच बंब. मात्र आतां त्याच्या विस्तवाला हवाहि बाहेरूनच देतां येऊं लागली. माणसाच्या खोलींतील हवेला आगीनें हात लावावयाचा नाहीं, हा नियम येथें पूर्णत्वास गेला. या सुखालाहि मोल होतें. पंखा बॅटरीवर चालतो, आणि रात्रभर पंखा चालवून सकाळीं इंजिन सुरू न झालेले प्रवासी थोडेथोडके नव्हते. म्हणून पुढें घरासाठीं दुसरी बॅटरी ठेवण्याची वहिवाट पडली. फोक्सवॅगननें स्वतः १९८२ सालीं या गाडीच्या तिसऱ्या पिढींतील पेट्रोलच्या इंजिनांत पाणी आणलें. त्याला इतर कारणेंहि होतीं. पण ज्या पाण्याला हिंवाळ्याच्या भीतीनें बाहेर काढलें होतें तें परत येतांच आंतल्या माणसांची ऊब सुधारली, ही गोष्ट खरी.

आतां जुन्या गाडीचा मुख्य धोका सांगतों. मघांशीं ज्या पातळ भिंतीचा उल्लेख केला, तिला पन्नास-साठ वर्षांत गंज लागतो. हिंवाळ्यांत युरोपांतील रस्त्यांवर बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात. तें गाडीच्या तळाला खातें. कवचाच्या आंतल्या नळीला एक भोंक पडलें कीं धूर आणि हवा यांतील भेद संपला. धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनीं १८५० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें कीं हा वायु रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो. रक्तांतील तांबड्या द्रव्याला प्राणवायूपेक्षां या वायूची ओढ दोनशें पटींहून अधिक असते. त्यामुळें हवेंत तो अगदीं थोडा असला तरी पुरतो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनीं तर तो स्वतः हुंगून आपल्या शरीरावरील परिणाम टिपून ठेवले आणि १८९५ सालीं प्रसिद्ध केले. प्रथम डोकें दुखतें, मग पाय लटपटतात, विचार मंदावतो, आणि झोंप येते. घातक गोष्ट हीच. थंडींत दमलेल्या माणसाला झोंप आली तर तो तिला धोका कसा म्हणेल? पॅरिसमध्यें २९ सप्टेंबर १९०२ रोजीं प्रख्यात फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला आपल्या शयनगृहांत मृत्यु पावले. खोलींत विस्तव पेटविला होता, खिडक्या लावलेल्या होत्या, आणि धुराडें बरोबर वाहत नव्हतें. पत्नी वांचल्या, झोला वांचले नाहींत. पक्क्या घरांत, मोठ्या शहरांत जर हें घडतें, तर कपाटाएवढ्या गाडींत तें घडण्यास किती वेळ लागणार?

हाल्डेन यांच्याच सूचनेवरून कोळशाच्या खाणींत लहान पक्षी नेण्याची पद्धत पडली. माणसाच्या आधीं पक्ष्याला वायु बाधतो, आणि तो पिंजऱ्यांत पडला कीं खाणकामगार बाहेर पळतात. ब्रिटनच्या खाणींत हे पक्षी १९८० नंतरच्या दशकापर्यंत होते. आज फिरत्या घरांत बिछान्याजवळ मुठीएवढें एक यंत्र टांगतात. हवेंत हा वायु आला कीं तें कर्कश ओरडतें. त्याची किंमत एका चांगल्या ब्लँकेटाहून फारशी अधिक नसते. जुन्या गाडीच्या मालकानें हिंवाळ्यापूर्वीं करावयाचें पहिलें काम म्हणजे तें कवच तपासून घेणें, आणि दुसरें म्हणजे हें यंत्र टांगणें. बर्फांत उभ्या गाडीचें इंजिन उबेसाठीं चालू ठेवून निजणें हा तर आत्मघातच. मागच्या नळीसमोर बर्फ सांचलें कीं धूर गाडीखालीं कोंडतो आणि वाट काढून आंत शिरतो.

कोणी म्हणेल, एवढ्या भानगडी कशाला? गाडींत गॅसची चूल आहेच. तीच मंद पेटवून ठेवावी. या युक्तीनें पुष्कळांना फसविलें आहे. चुलीला धुराडें नाहीं. ती आपल्याच श्वासाची हवा खाते, आणि जळाल्यावर जें देते त्यांत पाणीहि असतें. एक किलो प्रोपेन जळाला कीं दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. रसायनशास्त्राचा हा साधा हिशेब आहे. निजलेलीं दोन माणसें रात्रभर नुसत्या श्वासानें आणि घामानें अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेंत सोडतात, तें वेगळेंच. ही सारी वाफ थंड पत्र्यावर आणि कांचेवर जाऊन बसते, तेथें पाणी होते, कधीं गोठून बर्फहि होते. सकाळीं ऊन लागलें कीं छत गळूं लागतें. अंथरूण ओलें, भिंत ओली, आणि पत्रा आंतून गंजतो. गारठ्याहून ही ओल वाईट. कारण ओल्या अंथरुणांत ऊब कमी राहते.

गॅसच्या नळकांड्याचीहि एक खोड आहे. त्यांत भरलेला ब्यूटेन शून्य अंशाच्या किंचित् खालीं गेला कीं उकळेनासा होतो. म्हणजे नळकांडें भरलेलें असतें, पण ज्योत लागत नाहीं. प्रोपेन उणें बेचाळीस अंशांपर्यंत उकळतो. म्हणून थंड देशांतील अनुभवी प्रवासी हिंवाळ्यांत प्रोपेन घेतात. नवख्या प्रवाशाला हें ज्ञान बहुधा पहाटे चारच्या सुमारास, चहाची तल्लफ आली असतां होतें.

मग करावें काय? जुन्या जाणत्यांचा क्रम असा आहे: आधीं ऊब राखावी, मग ती निर्माण करावी. पोलादी पत्र्यांतून उष्णता लांकडाच्या शेंकडों पट वेगानें वाहते. वार्डोच्या लांकडी भिंतीच्या जागीं पत्रा आला तेव्हां घराची गोधडीच कोणी ओढून घेतली म्हणा ना. ती परत द्यावयाची म्हणजे स्थिर हवेचा एक थर द्यावयाचा. कारण न हलणारी हवा उष्णतेला फार कष्टानें वाट देते. लोकर, पिसें, बूच या साऱ्यांचा गुण एवढाच कीं ते हवेला धरून ठेवतात. जुन्या वेस्टफालिया गाड्यांत लांकडी फळ्यांमागें कांचेच्या तंतूंचा कापूस भरलेला असे. तो कोरडा असेपर्यंत उत्तम. एकदां भिजला कीं ओल धरून पत्र्याला गंजवितो. म्हणून पुष्कळ लोक तो काढून पाणी न शोषणारा फेस बसवितात. सर्वांत अधिक उष्णता जाते ती कांचेंतून. रात्रीं प्रत्येक खिडकीला मापाची जाड, चकचकीत गादी लावली तर फरक हाताला कळतो. पायांखालीं सतरंजी, पाठीखालीं लोकर, आणि अंथरुणांत गरम पाण्याची पिशवी. ही पिशवी म्हणजे त्या जुन्या आगगाडींतील पत्र्याच्या डब्याचीच वंशज. सारी गाडी तापविण्यापेक्षां माणूस तापविणें स्वस्त पडतें.

आणि एवढें सगळें झाल्यावर, खिडकी दोन बोटें उघडी ठेवावी. नवख्याला हें वेडेपणाचें वाटतें. इतक्या खटपटीनें मिळविलेली ऊब बाहेर सोडावयाची? पण त्या दोन बोटांतून ओल जाते, विष असेल तर तेंहि जातें, आणि श्वास येतो. वार्डोच्या झरोक्यांचा अर्थ हाच होता.

या इतिहासांत आपल्या देशाचाहि एक धागा आहे. १९६० आणि १९७० नंतरच्या दशकांत युरोपांतील हजारों तरुण जमिनीच्या वाटेनें हिंदुस्थानांत येत. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली, आणि तेथून गोवा असा तो मार्ग होता. त्यांत जुन्या बसगाड्या असत, तशाच या फोक्सवॅगनच्या गाड्याहि असत. नाताळाला हणजूणच्या किनाऱ्यावर पोंचावयाचें तर पूर्व तुर्कस्तानचें पठार हिंवाळा पडण्यापूर्वीं ओलांडावें लागे. तेथील एर्झुरूम शहर सुमारें १९०० मीटर उंचीवर आहे, आणि पारा कधीं कधीं शून्याखालीं वीस अंशांहूनहि उतरतो. ज्यांना उशीर होई त्यांना त्या कोमट नळीची खरी किंमत तेथें कळे. १९७९ सालीं इराणांत क्रांति झाली, वर्षअखेर सोव्हिएट फौजा अफगाणिस्तानांत शिरल्या, आणि ती वाट बंद झाली. बर्फांतून कुडकुडत आलेल्या गाड्या माडांच्या सावलींत उभ्या राहिल्या म्हणजे त्यांची उबेची खुंटी बंद करून टाकीत. आपल्या किनाऱ्यावर तिचें कांहीं काम नव्हतें.

पण या धड्याचें काम आपल्याकडे नाहीं, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. आपल्या शहरांतून तांब्याचा बंब गेला. तो धूर करी, डोळे चुरचुरत, आणि कौलांच्या फटींतून तो धूर निघून जाई. आतांच्या न्हाणीघराला कौलें नाहींत, फटी नाहींत. पुष्कळ घरांत भिंतीवर गॅसचा बंब आहे. त्याला धूर दिसत नाहीं म्हणून त्याचें भय वाटत नाहीं. थंडीच्या दिवसांत दार-खिडकी लावून स्नानाला गेलेलें माणूस आंतच मूर्च्छित पडल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतों. तोच अदृश्य वायु, तीच गोड झोंप. जर्मनीच्या बर्फांतील गाडी आणि आपलें न्हाणीघर यांत हवामानाचा फरक आहे. बंद पेटी आणि आंतली आग या दोहोंत सारख्याच.

तेव्हां आज घरीं गेल्यावर, किंवा घरींच असाल तर हें भाषण संपल्यावर, एवढें करावें. आपल्या न्हाणीघरांतील गॅसच्या बंबाचा धूर कोठून बाहेर जातो तें पाहावें. वाट सांपडली नाहीं, तर ती काढून घेईपर्यंत त्या बंबावर बंद खोलींत स्नान करूं नये. पाणी आधीं तापवून, बंब बंद करून, मग आंत जावें. आणि खिडकीची एक कांच कायमची उघडी ठेवावी. थोडा गारवा लागेल, तो सोसावा. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.